पंखा काढलेल्या खोलीतली तिवई

‘‘तिच्या खोलीतला पंखा काढून ठेव, अरिहंत. इचारलं तर बेरिंग गेलंय म्हनून सांग.’’

हे वाक्य अनुनं ऐकायचं नव्हतं आणि मीही. ती गच्चीवरून खाली येत होती, मी तिच्या काखेत होते, आणि जिन्याच्या वळणावर स्वयंपाकघराची खिडकी उघडते. आपल्याला हळू बोलता येतं, असं अनुच्या सासूला, विजयमालाबाईंना वाटतं. पण जतकडच्या मोकळ्या माळावर वाढलेल्या माणसाचं हळू बोलणंही दोन घरांना पुरतं.

अनु पायरीवरच थांबली. आतले आवाज बंद झाल्यावर मागच्या खोलीत गेली, मला पलंगाखाली सरकवलं आणि वर बघत बसली. पंखा फिरत होता. छान फिरत होता. साधी कुरकूरसुद्धा नव्हती.

मी एक तिवई बोलतेय. खाली तीन पाय, वर गोल फळी, फळीच्या मधोमध लिंबू जाईल एवढं भोक. बोलायची मला सवय नाही. जिच्या हातानं मी झाले तिलाही नाही. थंडीत लग्न होऊन ती सांगलीला, विश्रामबागेतल्या या घरी आली. उन्हाळा लागला तरी तिची ओळख ‘शांत आहे हो सून’ एवढीच. शांत माणसाचं लोकांना आधी कौतुक वाटतं. मग शंका यायला लागते.

माझा वरचा भाग जन्मानं पोळपाट. रहिमतपूरला अनुच्या वडलांचं दोरे, बटणं, लेस, अस्तराचं दुकान आहे. लग्नात रुखवतावर मांडायला तिच्या आईनं मला तिथल्याच भांड्यांच्या दुकानातून घेतलं, पाठीवर लाल रंगानं ‘शुभविवाह’ लिहिलं आणि शेजारी एक लाटणं ठेवलं. बायका यायच्या, बघायच्या, ‘छान आहे’ म्हणायच्या आणि पुढच्या लाडवाकडं वळायच्या. रुखवतातल्या पोळपाटावर पुढं कुणी पोळी लाटत नाही. सासरी आल्यावर मी कपाटावर गेले. तिथं माझ्यावर धूळ बसली आणि एक लहानशी चीरही गेली.

एका दुपारी अनुनं मोबाइलवर एक जपानी बाई बघितली. बाई जमिनीवर बसलेली, समोर लाकडी तिवई. तिवईच्या कडेनं दोरे लोंबतायत, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक वजनदार रीळ. बाई समोरासमोरची दोन रिळं उचलते, जागा बदलते, पुन्हा दुसरी दोन. टक् टक्. आणि मधल्या भोकातून खाली गोफ उतरत जातो, न बोलता. तिकडं त्याला कुमिहिमो म्हणतात. अनुनं ते कितीदा बघितलं कोण जाणे. मग तसली तिवई मागवायला काय पडतं ते बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

त्यानंतर तिची नजर कपाटावर गेली.

कोपऱ्यावर रहिमानचाचांचं सुताराचं दुकान आहे. त्यांनी मला उलटंसुलटं केलं. ‘‘पोळपाटाला भोक? ताई, चपाती खाली पडंल की.’’

‘‘पडू दे,’’ अनु म्हणाली.

चाचांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि गिरमिट लावलं. दुखलं. पण खरं सांगते, कपाटावर पडून चिरण्यापेक्षा ते बरं होतं.

बाकीची मी घरीच झाले. फरशी पुसायच्या तुटक्या मॉपचा दांडा कापून तीन पाय. तळाला टीव्हीच्या खोक्यात आलेली प्लायची फळी. कडा पॉलिश पेपरनं घासून घासून अशा केल्या की सूत अडकू नये, वरून मेणबत्ती फिरवली. रिकामी रिळं रहिमतपूरच्या दुकानातली. प्रत्येक रिळाच्या पोटात अरिहंतच्या डब्यातले गंजके नट भरले, सगळ्यांत सारखेच, नाहीतर गोफ एका अंगाला कलतो. अरिहंत म्हणजे अनुचा नवरा. कारखान्यात कामाला आहे, त्यामुळं घरात नट आहेत आणि तो बहुतेक वेळा नसतो. खाली गोफाला ताण द्यायला कापडी पिशवी, त्यात सासऱ्यांच्या जुन्या किराणा दुकानातलं लोखंडी वजन.

तिवईसाठी म्हणून विकत आणलेलं माझ्यात काहीच नाही. पण तीन पायांवर उभं असलेलं डुगडुगत नाही, हे चार पायांच्या टेबलांना सांगून पटत नाही.

आता अनु माझ्यावर काय वळत होती ते सांगते, कारण सगळा गोंधळ तिथंच आहे.

चंदनाताई ही अनुची नणंद. तिला दिवस गेलेत. गेल्या वर्षीही गेले होते. तेव्हा विजयमालाबाईंनी झबली शिवली, दुपटी केली, पाळणा पुसून तेलपाणी करून ठेवला, आणि सातव्या महिन्यात बाळ गेलं. तेव्हापासून घरात नियम झाला. बाळाचं रडणं कानावर येईपर्यंत त्याच्यासाठी काही आणायचं नाही, शिवायचं नाही, नावसुद्धा काढायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. म्हणूनच तो कुणी मोडत नाही.

अरिहंतनं बायकोला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘‘ताईसमोर यातलं काही बोलू नकोस. आईसमोर तर नकोच.’’

अनु नाहीच बोलली. पण कुरडयांचे डबे ठेवायला माळ्यावर चढली तेव्हा तिला पाळणा दिसला. सागवानी, चार खांबांवर चार पोपट. लाकूड ठणठणीत, पण त्याच्या चारी दोऱ्या उंदरांनी खाल्लेल्या. बाळ आल्यावर घाईघाईत कुणीतरी बाजारातून हाताला काचणारी नायलॉनची दोरी आणणार, हे तिला तिथंच दिसलं. म्हणून तिनं दोऱ्या वळायला घेतल्या. सुती. सासूबाई रेशीम अंगाला लावत नाहीत, त्यात किडे मरतात म्हणून. ते नव्या सुनेनं न सांगता टिपलं होतं.

नियमाचं काय? तिनं स्वतःला असं समजावलं की बांधेपर्यंत दोरी ही दोरीच असते. तिला कुठं माहीत, आपण पाळण्याची आहोत की कपडे वाळत घालायची?

मला हे तेवढं पटलं नव्हतं. पण मला कुणी विचारलं नाही.

ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मला घेऊन बसायची. पहिली दोरी पुरी झाली त्या दुपारी तिनं ती टाकीच्या लोखंडी खांबाला बांधली आणि दोन्ही हातांनी, सगळं अंग मागं टाकून ओढली. पुन्हा ओढली. गाठ सरकते का बघितलं. दोरी तुटली नाही म्हणून ती एकटीच हसली.

नेमक्या तेव्हाच विजयमालाबाई पापड उलथायला वर आल्या होत्या. जिन्याच्या दारातूनच त्या परत फिरल्या. पाऊल न वाजवता. मी त्यांचा चेहरा बघितला. घाबरलेला चेहरा आणि रागावलेला चेहरा यातला फरक आम्हा लाकडांना लवकर कळत नाही. मला वाटलं, रागावल्या.

नंतर सगळं कळलं. त्यांना वाटलं होतं, ही गप्प पोरगी दोरी स्वतःसाठी वळतेय.

आणि अनुला काय वाटलं? तिच्या मावशीनं लग्नाआधी कानात सांगितलं होतं, ‘सासरची माणसं एकदम छळत नाहीत. आधी एकेक सोय काढून घेतात.’ तेव्हा बेरिंगचं ऐकून तिनं मनाशी नोंद केली. सुरुवात झाली म्हणायची. पंख्यापासून.

झालं. एका घरात दोन संशय राहायला आले, आणि दोन्ही एकमेकांना चहा देत होते.

पंखा गेला. वर नुसता हुक राहिला. बदली टेबलफॅन आला, तोही विजयमालाबाईंच्या खोलीतला. ‘‘आमाला काय, सवय हाय उकाड्याची,’’ त्या म्हणाल्या. अनुनं याचीही नोंद केली. सुनेचा पंखा काढायचा आणि स्वतःचा टेबलफॅन द्यायचा, हा कसला छळ? हिशोब लागेना. हिशोब लागला नाही की माणूस जास्तच सावध होतो.

मग गच्चीवरची कपड्यांची दोरी गेली आणि घडीचा स्टँड आला. सासरे नेमिनाथ एका संध्याकाळी, अंधार पडायच्या आतलं जेवण उरकून, मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला.

‘‘बरं हाय न्हवं बाळ?’’

‘‘हो, मामा.’’

‘‘जेवन-बिवन?’’

‘‘आत्ताच तुमच्याबरोबर झालं की, मामा.’’

‘‘व्हय की,’’ असं म्हणून ते गेले. जाताना त्यांनी वरच्या हुकाकडं एकदा बघितलं. अनुनंही बघितलं. मी पलंगाखालून दोघांकडं बघत होते.

तेवढ्यात चंदनाताई बाळंतपणाला माहेरी आली. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारभर अनुच्या खोलीत.

‘‘वहिनी, आईनं सांगितलंय तुझ्याजवळ बसायला.’’

‘‘का?’’

‘‘ते नाही सांगितलं. म्हणाली, एकटी सोडू नको. मला वाटलं, मला एकटी सोडू नको म्हणून तुला सांगितलं असेल. पण नाही, मलाच सांगितलंय.’’ तिनं उशी पाठीला लावली. ‘‘तू घाबरतेस का कशाला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मीच घाबरते,’’ चंदनाताई हसून म्हणाली. मग हसणं थांबवून पोटावर हात ठेवून बसली. त्या हाताकडं अनु बघत राहिली. सातवा महिना होता.

आता तिच्यासमोर मला बाहेर कसं काढणार? तीन दोऱ्या झाल्या होत्या, चौथी माझ्यावर अर्धी अडकलेली. पलंगाखाली सुटकेसच्या मागं मी तशीच, आठही रिळं मानेखाली लोंबकळलेली, पोटात लोखंडी वजन. त्या दिवसांत मला प्रत्येक पावलाचा संशय यायचा. झाडूचा तर फारच.

आणि झाडूनंच घात केला. अनु अंघोळीला गेली होती. विजयमालाबाईंनी पलंगाखाली झाडू घातला, रिळं खुळखुळली. त्यांनी सुटकेस ओढली. मी दिसले. तीन गुंडाळलेल्या दोऱ्या दिसल्या. त्या खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

मग त्यांनी सूत कापलं, रिळं बाजूला टाकली आणि मला मागच्या दारी नेलं, बंबापाशी.

बंब पेटलेला होता. या घरात लाकूड विस्तवात घालण्याआधी आपटून बघतात, मुंगी, किडा, काही जीव असेल तर त्यानं उतरून जावं म्हणून. विजयमालाबाई कितीही चिडल्या तरी हे विसरत नाहीत. त्यांनी मला उलटं धरून दगडावर आपटलं. माझ्या पायाच्या सांध्यातून एक काळी मुंगी निघाली. बावचळून तिथंच गोल गोल फिरायला लागली.

‘‘जा की बाई लवकर,’’ विजयमालाबाई तिला म्हणाल्या.

मुंगीला घाई नव्हती. मुंगी जाईपर्यंत मला धरून थांबण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं, आणि थांबल्या म्हणून त्यांना माझी पाठ दिसली. लाल अक्षरं. शुभविवाह.

‘‘रुखवतातला पोळपाट,’’ त्या स्वतःशीच बोलल्या. ‘‘त्याला भोक पाडलं पोरीनं. एवढं काय झालं असंल गं तिला?’’

त्या शेवटच्या वाक्यात राग नव्हता. फरक कळायला मला एवढा वेळ लागला.

शुभ लिहिलेलं जाळायचं नाही म्हणून मी वाचले. मला बंबाशेजारीच टेकवून त्यांनी रहिमतपूरला फोन लावला. ‘‘पाव्हनं, उद्या येऊन जावा. न्हाई, फोनवर न्हाई सांगत.’’

दुसऱ्या दिवशी अनुचे वडील आले ते कंदी पेढे घेऊन. लग्न झालेल्या मुलीच्या सासरहून ‘फोनवर सांगत नाही’ असा निरोप आला, तर बाप गोड बातमीशिवाय दुसरं काय समजणार? हसतच आत आले, पेढ्यांचा पुडा पुढं केला. कुणीच हात पुढं केला नाही. पुडा टीपॉयवर राहिला. त्याच्या शेजारी मी. माझ्या शेजारी तीन दोऱ्या.

समोर नेमिनाथ, खुर्चीच्या टोकावर. अरिहंत दाराला टेकून, नजर फरशीत. चंदनाताई दिवाणावर, पोटाशी उशी. अनु उभी.

‘‘पाव्हनं,’’ नेमिनाथ खाकरले, ‘‘पोरीला थोडं दिस माहेरी घेऊन जावा. मन रमंल.’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘हे बघा,’’ विजयमालाबाईंनी एक दोरी उचलून त्यांच्या हातात दिली.

वडलांचा जन्म दोऱ्यात गेलेला. त्यांनी ती चिमटीत फिरवली, ताणली, उजेडाकडं धरली. ‘‘सूत चांगलं आहे. आणि वीण बघा की कशी बसलीय! हे कुठं मिळालं?’’

‘‘आवं, वीण काय बघताय!’’ विजयमालाबाईंचा आवाज फुटला. ‘‘तुमची लेक चोरून दोऱ्या वळतीय. खांबाला बांधून, अंग टाकून वढून बघत हुती. म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. कशाला लागत्यात नव्या नवरीला दोऱ्या?’’

वडलांनी दोरी हळूच टीपॉयवर परत ठेवली. अरिहंतनं मान वर केली. ‘‘आई, तू पंखा काढायला लावलास तो यासाठी...’’

‘‘तू गप रं.’’ त्या अनुकडं वळल्या. ‘‘पोरी, आमी तुला उपाशी ठिवलं? काय बोललो? ह्यो अरिहंत काय बोलला? सांग की एकदा. माझी धाकटी भन अशीच गप बसायची. सगळी म्हनायची, गुनाची हाय. कुनी इचारलं न्हाई तिला. मग इचारायला ती राहिली न्हाई. म्हनून मी इचारतीय. रागाव माझ्यावर, भांड, पर बोल.’’

अनुनं त्यांच्याकडं बघितलं. मग मागच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या छताकडं. पंखा, टेबलफॅन, कपड्यांची दोरी, दुपारभर बसणारी नणंद, हिशोब एका झटक्यात लागला. तिच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग हसू येऊ पाहत होतं, तेही थांबलं. कारण तिची नजर चंदनाताईवर गेली.

बोलली, तर सातव्या महिन्यात, ताईच्या देखत, या घरातला तो न लिहिलेला नियम मोडणार. उद्या काही कमीजास्त झालं तर सगळं या एका वाक्यावर येणार, जन्मभर. आणि नाही बोलली, तर वडलांनी न उघडलेला पेढ्याचा पुडा परत घेऊन तिला रहिमतपूरच्या गाडीत बसवायचं. एकदा ‘मन रमायला’ माहेरी आलेल्या मुलीकडं गाव कसं बघतं, ते मला दुकानाच्या फळीवर असल्यापासून माहीत आहे.

ती बोलली. काय बोलली ते शेवटी सांगते. आधी त्यानंतरचं, म्हणजे माझं आजचं.

पहिल्यांदा हललं ते चंदनाताईचं बोट. तिनं माझ्याशेजारची एक दोरी ओढून घेतली, गालाला लावली. ‘‘मऊ आहे,’’ म्हणाली. मग रडली, आणि रडता रडता आईला म्हणाली, ‘‘गेल्या वर्षी तू सगळं उचलून कुठं ठेवलंस, मला विचारायचंसुद्धा धाडस झालं नाही गं.’’ विजयमालाबाई उठून आत गेल्या. वाटलं, आता विस्तव घेऊन येतात. आल्या त्या मीठ-मोहऱ्या घेऊन. चंदनाताईवरून ओवाळल्या, अनुवरून ओवाळल्या, आणि हात फिरलाच आहे म्हणून माझ्यावरूनही. पेढे मग सगळ्यांनी खाल्ले. कशाबद्दल, ते कुणी बोललं नाही.

आता मी पलंगाखाली नसते. दुपारी मागच्या खोलीत खिडकीशी असते. चौथी दोरी पहिल्यापासून लावली. अनु रिळं फिरवते, चंदनाताई कुठलं उचलायचं ते सांगते आणि निम्म्या वेळा चुकीचं सांगते. टेबलफॅनचं तोंड ताईकडं असतं. बाळ अजून यायचं आहे. पाळणा अजून माळ्यावर आहे आणि त्याचं नाव मोठ्यानं कुणी काढत नाही. नियम मोडला असला तरी थोडासा शिल्लक ठेवलाय.

संशय गेला असं मी म्हणणार नाही. विजयमालाबाई येता-जाता अजून त्या दोऱ्या ओढून बघतात. पाय रोवून, अंग मागं टाकून, अगदी अनुनं ओढली होती तशा. फक्त आता शंका दुसरी आहे. भार पेलंल का?

मीही बंबाकडं जरा जपूनच बघते. तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. तुमच्या घरातलं कुणी गप्प बसून काही करत असेल, तर पलंगाखाली झाडू घालण्याआधी एकदा तोंडानं विचारा. आणि विस्तवापाशी नेलंच आम्हाला, तर आपटून झाल्यावर थोडं थांबा. मुंगीला घाई नसते.

तर त्या दिवशी, टीपॉयवर मी, पेढे आणि तीन दोऱ्या असताना, माझ्या मालकिणीनं पदर खोचला, नणंदेकडं बघत सासूला म्हणाली,

‘‘आत्या, माझ्या खोलीतला पंखा आता परत बसवू नका. त्या हुकाला ताईंच्या बाळाचा पाळणा टांगायचाय. तीन दोऱ्या झाल्यात, चौथी तेवढी तुम्ही कापलीत.’’